मांडी

"गुडघ्याच्या वर की खाली?"

पाय गेल्यानंतर हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. शिबिराच्या टेबलावर, फिजिओच्या खोलीत, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत. "वर," असं मी म्हटलं की, विचारणारा जाणकार असेल तर त्याचा आवाज जरा खाली यायचा. मला तेव्हा त्याचं कारण कळत नसे. पाय गेला तो गेला, वीतभर इकडे की तिकडे, काय फरक पडतो?

जानेवारी 2014. उसाचा हंगाम. केंद्रशाळेतली बैठक लांबली आणि कराडला परतताना अंधार पडला. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. माझी स्कूटी तिच्यावर आदळली. उजवा गुडघा चिरडला, गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी तुटली. तीन दिवस डॉक्टरांनी प्रयत्न केले. चौथ्या दिवशी पाऊल काळं पडलं आणि दादाने सही केली. मांडीच्या मधोमध.

गुडघा राहिलेला माणूस स्वतःच्याच गुडघ्याने चालतो. नकली पाय त्याच्या मागे येतो. आमच्याकडे तसं नाही. मांडीचा उरलेला तुकडा पुढे फेकायचा आणि त्याच्या टोकाला लोंबणारा गुडघा, नडगी, पाऊल हे सगळं वेळेवर सरळ होऊन जमिनीवर टेकेल यावर भरवसा ठेवायचा. टेकलं की नाही, हे कळायला खाली मज्जातंतू नाही. जमिनीचा निरोप सॉकेटच्या, म्हणजे नकली पायाच्या साच्याच्या, भिंतीवरून कातडीला मिळतो, तोही उशिरा. सपाट रस्त्यावर चालायला, अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला साधारण 25 टक्के जास्त शक्ती लागते, गुडघ्याच्या वर गेलेल्याला 60 टक्क्यांच्या आसपास. हे आकडे मी पुढे वाचले. त्याआधी ते मला शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंतच्या साठ-सत्तर पावलांत कळले होते. वर्गात पोचले की ब्लाउज पाठीला चिकटलेला असायचा.

पायाच्या वजनाचंही तसंच. साठ किलोच्या माणसाचा अख्खा पाय नऊ-दहा किलोंचा असतो, आणि तो आपण जन्मभर उचलतो तरी जाणवत नाही. माझा नकली पाय चार किलोंच्या आत आहे. तरी संध्याकाळी तो दगडासारखा लागतो, कारण तो हाडाला धरून नाही, कातडीला धरून आहे.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा आईने गादीवर माझ्या मांडीखाली उशी ठेवली. मऊ, कापसाची, खास माझ्यासाठी भरून घेतलेली. ठणका लागू नये म्हणून. मलाही बरं वाटायचं. आठवड्याने फिजिओ घरी आल्या, त्यांनी आधी ती उशी उचलून खुर्चीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "पालथ्या झोपा. दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं."

आईला फार लागलं ते. "दुखतंय हो तिला," ती म्हणाली.

फिजिओंनी आईला शेजारी बसवून समजावलं. मांडी उशीवर वर उचललेली राहिली की खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात. खाली खेचणारं वजन उरलेलं नसतं, म्हणून ते लवकर आखडतात. एकदा आखडले की मांडी मागे जात नाही. आणि नकली गुडघा सरळ ठेवायचा तर मांडी सॉकेटमध्ये मागे दाबावी लागते. ते कुल्ल्याच्या स्नायूंचं काम. मांडी मागेच गेली नाही, तर कितीही महागाचा गुडघा बसवा, तो पुढे दुमडणार. आई शेवटपर्यंत ऐकत होती. नंतरचे तीन महिने माझ्या पालथ्या झोपण्याची वेळ तीच पाळायची, घड्याळ हातात घेऊन. पाय मिळण्याआधीच, उशी काढली त्या दुपारी, माझ्या चालण्याचा मोठा भाग ठरून गेला होता. तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

माझा पहिला पाय शिबिरात मिळाला. शिबिर कुणाचं ते सांगत नाही, माणसं मनापासून राबत होती आणि पाय फुकट होता. पण सकाळी माप, संध्याकाळी पाय, आणि दुसऱ्या दिवशी मंडप उठलेला. सॉकेट बसतं आहे का हे पाहायला पुन्हा कुणी येणार नव्हतं.

सॉकेट म्हणजे मांडी ज्यात जाते तो प्लास्टिकचा साचा. लोक गुडघ्याबद्दल विचारतात, पावलाबद्दल विचारतात, सॉकेटबद्दल कुणी विचारत नाही. ते कपड्याखाली असतं, आणि दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. मला विचाराल तर पायाची निम्मी किंमत तिथे आहे. शरीराचा भार तळव्यावर तोलायला निसर्गाने तळवा बनवला आहे, त्याला जाड कातडी दिली आहे. मांडीच्या मधल्या कातडीला हे कधी ठाऊकच नव्हतं. म्हणून बराचसा भार बैठकीच्या हाडावर घेतात, आपण खुर्चीत बसतो तेव्हा टोचतं त्या हाडावर. सॉकेटच्या वरच्या काठाला मागच्या बाजूला त्या हाडासाठी बैठक केलेली असते. ती बैठक अर्धा सेंटीमीटर चुकली की भार सरकतो आणि जांघेतली कातडी काठाला घासायला लागते.

माझी घासली. दोन आठवड्यांत फोड, तिसऱ्या आठवड्यात जखम. पाय कपाटामागे उभा करून मी कुबड्यांवर परत आले. वर्षभर तो तिथेच होता. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "अगं पाय मिळालाय ना तुला, मग वापरत का नाहीस?" उत्तर द्यायचं तर जांघ दाखवावी लागली असती.

दुसरं सॉकेट पुण्यात झालं. पुण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र तिथे 1944 मध्ये सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी. मी गेले ती जागा छोटी होती, गल्लीतल्या दोन खोल्या. तिथल्या सरांनी मला उभं करून मांडीला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि बैठकीच्या हाडाखाली स्वतःचा अंगठा रोवून पट्ट्या वाळेपर्यंत तसेच थांबले. प्लास्टर वाळताना गरम होतं. ती ऊब अजून आठवते. अपघातानंतर त्या जागेला कुणी इतका वेळ, इतक्या बेताने हात लावला नव्हता.

आठ दिवसांनी त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचं सॉकेट चढवून बघितलं. हे कायमचं नसतं, तपासायचं असतं. आरपार दिसतं, म्हणून. मी त्यात उभी राहिले, ते खाली बसून टॉर्च मारून बघत होते, आणि मीही वाकून पाहिलं. माझी स्वतःची मांडी काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी दिसत होती. दोन ठिकाणी कातडी पांढरी फटक पडली होती. "इथे रक्त थांबतंय," सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ताई, पर्समध्ये लिपस्टिक आहे का?" होती. ती त्यांनी स्टंपच्या, म्हणजे मांडीच्या उरलेल्या तुकड्याच्या, टोकाला मोज्यावरून लावली, सॉकेट पुन्हा चढवलं, मला उभं केलं आणि काढून आत पाहिलं. तळाशी लाल ठसा नव्हता. म्हणजे टोक अधांतरी होतं. असं अधांतरी राहिलं की तिथे रक्त साचतं, सूज येते, कातडी काळी-निळी पडते. गरम हवेच्या यंत्राने प्लास्टिक मऊ करून त्यांनी चार वेळा दुरुस्ती केली. चौथ्या वेळी तळाशी रुपयाएवढा लाल डाग उमटला. ते बघून त्या खोलीत आम्हा तिघांना, म्हणजे सर, मी आणि दादाला, जो आनंद झाला तो बाहेरच्या कुणाला कळणार नाही.

त्या सॉकेटला झडप आहे. हवा बाहेर जाते, आत येत नाही, त्यामुळे पाय ओढून धरल्यासारखा राहतो. कमरेच्या पट्ट्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण मे महिन्यात कराडला दुपारी घाम सुटतो, पकड सैल होते आणि पाय सॉकेटसकट थोडा फिरतो. पाऊल आत वळतं. मग मुलांना शुद्धलेखन द्यायचं, मुख्याध्यापकांच्या खोलीमागे जायचं, पाय काढायचा, आतला घाम पुसायचा, पुन्हा चढवायचा. वजन तीन-चार किलो कमी-जास्त झालं तरी सॉकेट बोलायला लागतं. श्रावणातले उपास आणि दिवाळीचा फराळ दोन्ही मला जांघेत कळतात. कमी झालं की एक मोजा जास्त, वाढलं की पुण्याची गाडी.

आता गुडघा.

पहिल्या पायाचा गुडघा कुलपाचा होता. उभं राहिलं की खटका बसायचा आणि पाय काठीसारखा ताठ. पडण्याची भीती नाही, हे त्याचं मोठं पुण्य. पण ताठ पाय चालताना लांब पडतो. तो जमिनीला अडू नये म्हणून एक तर कंबर उचलावी लागते, नाहीतर पाय बाहेरून अर्धगोल फिरवून आणावा लागतो, कोयत्याने गवत कापतात तसा. त्या दोन-तीन आठवड्यांतच माझी डावी कंबर धरली. एसटीत तर फार हाल. बसल्यावर खटका सोडायचा तर वाकायला जागा हवी, ती नसली की पाय तसाच वाटेत आडवा. कंडक्टर बिचारे ओलांडून जायचे. एकदा एक म्हातारी त्याला अडखळून पडली. तिला फार लागलं नाही, तरी तिने हात जोडून माझीच माफी मागितली. त्या दिवसानंतर मी एसटीत तो पाय घालून बसले नाही.

दुसऱ्या पायाचा गुडघा चार दांड्यांचा आहे. यात एकच बिजागरी नसते. चार तुकडे चार खिळ्यांवर फिरतात, आणि गुडघा दुमडतो तसा फिरण्याचा मध्यबिंदू स्वतःच सरकत जातो. आजकालच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला जी लपलेली बिजागरी असते, ती उघडून बघा. दार नुसतं फिरत नाही, फिरता फिरता बाहेरही सरकतं. तसंच हे. आपला खरा गुडघाही एका खिळ्यावर फिरत नाही. आतले फुलीसारखे आडवे-तिडवे दोन बंध त्याला घसरवत फिरवतात.

याचे फायदे दोन. पाय सरळ असताना तो मध्यबिंदू वर आणि मागे असतो. अंगाचा भार त्याच्या पुढून जातो, म्हणून टाच टेकताना गुडघा दचकून दुमडत नाही. आणि दुमडला की नडगी थोडी आखूड होते. हे 'थोडी' म्हणजे किती, तर तुम्ही-आम्ही चालतो तेव्हा पुढे येणाऱ्या पायाची बोटं जमिनीपासून जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वरून जातात. एवढीच जागा असते. ती थोडी वाढली की सतरंजीची दुमड, शहाबादी फरशीचा उचललेला कोपरा, घराचा उंबरठा यांची भीती कमी होते. माझ्या गुडघ्यात हवेचं एक नळकांडंही आहे. साध्या घर्षणाच्या गुडघ्याला एकच वेग ठाऊक असतो. घाई केली की टाच मागे उंच उडते आणि नडगी पुढे यायला उशीर करते. पाऊल टाकायची वेळ होते आणि पाय अजून मागेच असतो. हवेचं नळकांडं त्याला आवरतं. हायवे ओलांडताना मला त्या नळकांड्याचा जेवढा आधार वाटतो, तेवढा सिग्नलचा वाटत नाही.

हा गुडघा आल्यावर शाळेत मुलांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "बाई, आज तुमचा पाय वाकतोय!"

पायऱ्या मात्र एकेकच. आमच्या घरात त्याचं गाणं झालं आहे: चढताना आपला, उतरताना त्याचा. आपला म्हणजे डावा, जन्मापासूनचा. त्याचा म्हणजे पुण्याच्या सरांनी केलेला. चढताना आपला पाय आधी वर जातो आणि बाकी सगळं ओढून घेतो. उतरताना त्याचा पाय आधी खाली, ताठ, आणि आपला पाय भार पेलत हळूहळू वाकतो. माझी भाची दोन वर्षांची असताना माझ्याबरोबर जिना उतरायला शिकली. तीही तसाच एकेक पाय ठेवत असे आणि तेच म्हणत असे.

नकली पावलाची गोष्ट एका लग्नाने शिकवली. मावसबहिणीचं लग्न, मी नवी सॅंडल घेतली. उंच टाचेची वगैरे नाही, रोजच्या चपलेपेक्षा अर्धा इंच टाच जास्त असेल. मंगल कार्यालयाच्या तीन पायऱ्यांवर गुडघा दोनदा सटकला. दुसऱ्या वेळी अक्षतांचं ताट हातातून गेलं. मला वाटलं गुडघा बिघडला. सरांना फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, "चप्पल बदललीत का?"

खऱ्या पायाला घोटा असतो. टाच उंच झाली की घोटा जुळवून घेतो. माझं पाऊल टाचेकडे मऊ आणि मध्ये घट्ट असं साधं आहे, घोटा वळत नाही. त्यामुळे टाच अर्धा इंच उचलली की अख्खी नडगी पुढे कलते, गुडघा पुढे ढकलला जातो, आणि भार त्याच्या मागून जायला लागतो. मग दुमडणारच. उलट घरात अनवाणी चालले की नडगी मागे कलते, गुडघा जास्तच घट्ट राहतो, आणि चढावर चालल्यासारखं वाटतं. आपलं अर्धं आयुष्य अनवाणी. घर, देऊळ, आमची शाळासुद्धा, वर्गाबाहेर चपला काढायची. पाऊल आणि नडगी यांच्या सांध्यावर चार बारीक स्क्रू असतात. सरांनी ते पाव-पाव फेरा फिरवून असा सुवर्णमध्य काढला की माझ्या रोजच्या चपलेतही चालेल आणि अनवाणीही. त्या चपलेचे मी एकाच मापाचे चार जोड घेऊन ठेवले आहेत. पाव फेऱ्याने माणूस पडतो किंवा उभा राहतो, हे मी स्वतःच्या अंगावर पाहिलं आहे, म्हणून त्या स्क्रूंना मी कुणाला हात लावू देत नाही.

लोक आमच्या प्रत्येक पायाला 'जयपूर फूट' म्हणतात. मी दुरुस्त करत नाही, कारण त्या नावामागे आदर आहे आणि तो रास्त आहे. 1968 मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते रबराचं पाऊल घडवलं, तेव्हा त्यांनी बुटाशिवाय चालणारा, उकिडवा बसणारा, चिखलात उतरणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. परदेशी पाऊल बुटात घालायचं होतं, आमच्याकडे बूटच नव्हते. केवढी सरळ गोष्ट, पण ती आधी कुणी बघितली नव्हती. मात्र ते पाऊल आहे. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्याला त्याच्यावर एक गुडघा लागतो, आणि स्वस्तात चांगला गुडघा मिळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेसाठी तेल मुरवलेल्या नायलॉनचा, साधारण वीस डॉलरचा चार दांड्यांचा गुडघा केला. 2009 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षातल्या उत्तम शोधांमध्ये त्याची गणना केली. 2022 मध्ये आयआयटी मद्रासने 'कदम' नावाचा देशी गुडघा आणला. तो 160 अंशांपर्यंत वाकतो. रिक्षात, बसमध्ये पाय आत घेताना हे अंश काय कामाचे असतात, ते वाटेत पाय आडवा टाकून बसलेल्या बाईला विचारा.

मायक्रोप्रोसेसरचा गुडघा मी तीन दिवस वापरला. पुण्यातच, ट्रायलसाठी. त्याच्या आत हायड्रॉलिक नळकांडं असतं आणि भार किती, कोन किती हे मोजणारे सेन्सर. 1997 मध्ये या जातीचा जो गुडघा जर्मनीतून बाजारात आला आणि गाजला, तो सेकंदाला 50 वेळा ही मोजणी करायचा आणि त्याप्रमाणे तेलाची वाट कमी-जास्त उघडायचा. आताचे याहून जलद आहेत.

पहिल्या दिवशी मी त्याच्यावर विश्वास ठेवू शकले नाही. उतार आला की शरीर आपोआप डाव्या पायावर जायचं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला जिन्याच्या वरच्या टोकाला उभं केलं. "पाऊल निम्मं पायरीच्या बाहेर ठेवा. टाच टेकवा. आणि बसल्यासारखा भार सोडा." भार सोडायचा म्हणजे माझ्या गुडघ्यावर पडायचंच. कठडा धरून मी सोडला. गुडघा दुमडला, पण हळू, तेलातून उतरावा तसा, आणि तोवर माझा डावा पाय पुढच्या पायरीवर पोचला होता. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. एकाआड एक. तळाशी पोचले आणि मला कळलं की मी पायऱ्यांकडे बघितलंच नव्हतं. समोर भिंतीवरचं कॅलेंडर बघत उतरले होते. मी लिफ्टने वर गेले आणि पुन्हा उतरले. सात वेळा. सरांचा चहा तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी पार्किंगच्या उतारावर मी दादाशी बोलत बोलत चालले. बोलत बोलत चालणं ही काय गोष्ट असते, ते ज्याला प्रत्येक पावलाचा विचार करावा लागतो त्याला ठाऊक. इतर वेळी मी चालताना गप्प असते. लोकांना वाटतं बाईंचा स्वभाव गंभीर झाला.

तो गुडघा मी घेतला नाही. परदेशी बनावटीच्या अशा गुडघ्यांची किंमत 10 ते 60 लाख रुपये, असं इस्रोनेच 2022 मध्ये आपल्या देशी मायक्रोप्रोसेसर गुडघ्याची माहिती देताना म्हटलं होतं. इस्रोचा गुडघा 1.6 किलोंचा, आणि तो लावून एक जण सुमारे 100 मीटर चालला, असंही त्यात होतं. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं असतं तर त्याच वर्षी मुलीचं शिक्षण अडलं असतं. "मिळालं नाही ते नकोच होतं" असं मी म्हणणार नाही. मला तो गुडघा हवा होता. अजून हवा आहे. प्रीतिसंगमावर गेले की घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी खाली पाण्याकडे बघते, मनातल्या मनात निम्मं पाऊल पायरीच्या बाहेर ठेवते, आणि मग कठड्याच्या बाजूने एकेक पायरी उतरायला लागते.

त्या ट्रायलच्या वेळी एक फॉर्म भरून घेतला. त्यात चालण्याच्या पातळ्या होत्या, शून्य ते चार. अमेरिकेतली पद्धत, जगभर चालते. शून्य म्हणजे चालू न शकणारा, चार म्हणजे खेळाडू. वेग बदलता येतो का, पायऱ्या चढता येतात का, उंचसखल जमिनीवर जाता येतं का. सगळे प्रश्न चालण्याचे. मी फॉर्म दोनदा उलटून पाहिला. जमिनीवर बसता येतं का, हा प्रश्न कुठेच नव्हता.

मी पहिलीची बाई आहे. माझी खुर्ची नावाला. पहिलीच्या मुलाला 'ग' गिरवायला शिकवायचं तर त्याच्या शेजारी बसून, त्याच्या हातावर हात ठेवून. खुर्चीतून वाकून ते होत नाही, मी दोन वर्षं करून पाहिलं. मुलं मान वर करून बोलतात आणि मनातलं सांगत नाहीत. घरी सगळे खाली बसून जेवतात, मी एकटी टेबलाशी. हळदी-कुंकवाला गेले तर बायका सतरंजीवर आणि मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, सगळ्यांपेक्षा उंच आणि सगळ्यांपासून लांब. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असतं, मांडीतून पाय गेला. त्यांचा अर्थ हाडाचा. माझ्या बाबतीत दुसऱ्या अर्थानेही मांडीच गेली होती.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग आतून एक लोखंडी चकती घेऊन आले, तळहाताच्या मध्यात मावेल एवढी, बाजूला एक बटण. सॉकेट आणि गुडघा यांच्या मध्ये ती बसते. बटण दाबलं की खालचा पाय मांडीखाली गोल फिरतो, सोडून परत जागेवर आणला की खटकन बसतो. "हे मी सहसा कुणाला सुचवत नाही," ते म्हणाले, "कुणी मागतच नाही. सगळे चालण्याचंच विचारतात." माझा स्टंप मधोमध असल्याने चकतीला जागा होती. लांब असता तर ती बसवून गुडघा डाव्या गुडघ्यापेक्षा खाली उतरला असता. त्या महिन्यातला माझा एकमेव नशिबाचा भाग तो.

जमिनीवर बसायचं म्हणजे आधी टेबलाचा पाय धरायचा. त्याचा पाय पुढे लांब करायचा, आपल्या पायावर हळूहळू खाली यायचं. बूड टेकलं की हाताने गुडघा वाकवायचा. बटण दाबायचं. नडगी धरून आत फिरवायची, पाऊल डाव्या मांडीखाली सरकवायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी सॉकेटचा काठ जांघेत रुतायला लागतो, तेव्हा उठावं लागतं. पण वीस मिनिटांत पहिलीचा एक अख्खा गट गिरवून होतो.

घरी पहिल्यांदा मांडी घालून जेवायला बसले तेव्हा आईने काहीच म्हटलं नाही. आमटी वाढताना तिने पळी दोनदा पातेल्यात परत टाकली, एवढंच.

शाळेत माझ्यासमोर डाव्या हाताला एक मुलगी बसते. या वर्षीच आली आहे, अजून फारशी बोलत नाही. मी बसायला आले की पाऊल फिरून तिच्या बाजूला येतं, हे तिने पहिल्या आठवड्यातच हेरलं. माझा हात बटणाकडे गेला की ती पाटी उचलते, वीतभर मागे सरकते, आणि खट् आवाज झाला की पाटी पुन्हा माझ्या गुडघ्याला टेकवून ठेवते. त्याच्या गुडघ्याला. तिला तो माझाच वाटतो.